डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका

पाळीत जास्त जातंय किंवा अंगावरून पांढरं जातंय म्हणून चाळिशीच्या आतबाहेरची बाई दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतात, "पिशवीला सूज आहे. मुलंबाळं झालीत ना? मग आता पिशवीचं काय काम? काढून टाका, नाहीतर उद्या कॅन्सर व्हायचा." महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यात, असंख्य बायकांनी हा सल्ला जवळपास याच शब्दांत ऐकला आहे. कॅन्सर हा शब्द कानावर पडला की घरातल्या कुणालाच पुढचं ऐकू येत नाही. पैशांची जुळवाजुळव होते, तारीख ठरते आणि ऑपरेशन होऊन जातं.

डॉक्टरांवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न मोघम विचारला तर उत्तरही मोघमच मिळतं. कुणी म्हणतं डॉक्टर म्हणजे देव, कुणी म्हणतं सगळे लुटायलाच बसलेत. आजारी माणसाला या दोन्ही उत्तरांचा काडीचा उपयोग नाही. म्हणून तो प्रश्न मी इथं या एकाच सल्ल्यापुरता घेणार आहे. गर्भपिशवीच्या बाबतीत जे लागू पडतं, ते पुढे गुडघ्याच्या, पाठीच्या, पित्ताशयाच्या ऑपरेशनलाही बरंचसं लागू पडेल.

डॉक्टरांच्या एका वाक्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: त्यांचं ज्ञान, त्यांचा निर्णय आणि त्यांचं हित. या तिघांवर सारखाच विश्वास टाकला की घोटाळा होतो. साडेपाच वर्षांचं एमबीबीएस आणि त्यावर तीन वर्षांचं स्त्रीरोगशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना फायब्रॉइड म्हणजे काय, रक्तस्राव का होतो, हे तुमच्या-माझ्यापेक्षा आणि मोबाइलवरच्या व्हिडिओपेक्षा नक्कीच जास्त कळतं. इथं विश्वास ठेवावा. निर्णय मात्र ते ज्ञान तुमच्या शरीराला आणि तुमच्या आयुष्याला लावून घेतलेला असतो. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना तुमचं अर्धं आयुष्य माहीत नसतं: तुम्ही शेतात वाकून काम करता की खुर्चीत बसून, त्रास सोसवत नाही इतका आहे की फक्त धास्ती आहे, पाळी जायला किती वर्षं उरली आहेत. त्यामुळे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो. आणि हिताबद्दल बोलायचं तर, ज्याला ऑपरेशनचे पैसे मिळणार आहेत तोच ऑपरेशन हवं की नको हे ठरवतो, ही खासगी वैद्यकातली अडचण प्रामाणिक डॉक्टरांनाही चुकलेली नाही. कर्ज काढून हॉस्पिटल बांधलेल्या माणसाच्या मनावर त्या कर्जाचं ओझं असतंच.

हे मी डॉक्टरांच्या विरोधात म्हणून लिहीत नाही. लासलगावला अनेक वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेले डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांशी बोलून त्यांची मनोगतं जमवली. 'कैफियत – प्रामाणिक डॉक्टरांची' या त्यांच्या पुस्तकात कट प्रॅक्टिस (रुग्ण पाठवण्याबद्दलचं कमिशन), गरज नसलेल्या तपासण्या, गरज नसलेली ऑपरेशनं यांबद्दल डॉक्टरच कळवळून बोलले आहेत. सरळ मार्गानं काम करणारे डॉक्टर आपल्या आसपास आहेत. ते ओळखता येणं हे रुग्णाच्या हातातलं मोठं शस्त्र आहे.

बीडमध्ये काय झालं ते माहीत असायला हवं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एखाद्या दिवशी कामावर गेलं नाही तर खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत फडावर ना पाणी, ना आडोसा, ना विश्रांती. अशा बाईला पांढरं जाण्याचा त्रास होतो, ती खासगी दवाखान्यात जाते आणि पिशवी काढून परत येते. २०१९ मध्ये याचा बोभाटा झाला तेव्हा राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, म्हणजे दर सहा जणींमागे एकीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशभरात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडंसं वर आहे. दोन पाहण्यांचे वयोगट अगदी सारखे नसतीलही, पण एवढा फरक त्यानं भरून निघत नाही. बीडमध्ये त्यानंतर अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली.

या बायकांचा त्रास मात्र खोटा नव्हता. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली. त्यात ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. त्या आजारांत मोठा वाटा जंतुसंसर्गाचा होता, आणि संसर्ग औषधानं बरा होतो. खेड्यातल्या बाईला एवढं काही होत असतं, हे तोवर जगाच्या वैद्यकशास्त्रालाही नीट ठाऊक नव्हतं. त्रास खरा असणं आणि त्यावर सांगितलेला उपाय योग्य असणं, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

आता तुमच्या हातातल्या रिपोर्टकडे बघू. 'बल्की युटेरस' असं लिहिलेलं असतं, त्यालाच बोलताना पिशवीला सूज म्हणतात. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असणं अगदी नेहमीचं आहे आणि तेवढ्यावरून काढायची गरज नसते. 'नॅबोथियन सिस्ट' लिहिलं असेल तर त्या पिशवीच्या तोंडाशी असणाऱ्या निरुपद्रवी पाणगाठी आहेत. पिशवीच्या तोंडाला जखम आहे असं सांगितलं, तर बहुतेक वेळा ती जखम नसते, आतलं लालसर अस्तर थोडं बाहेर आलेलं असतं. तरीही पॅप स्मिअर, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी, करून घ्यावी, कारण कॅन्सर आहे की नाही हे भीतीनं ठरत नाही, तपासणीनं ठरतं. फायब्रॉइडच्या गाठी असंख्य बायकांना असतात, त्यांचा कॅन्सर फार क्वचित होतो आणि पाळी गेल्यावर त्या सहसा आकसतात. गाठ त्रास देत नसेल तर तिच्यावर फक्त नजर ठेवणं हाही उपचारच आहे.

जास्त जाण्यावर पिशवी काढण्याआधी बरंच काही करता येतं. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला हवं. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, हार्मोन सोडणारी तांबी आहे, ती बसवली की पुष्कळ जणींचं जाणं खूप कमी होतं. काही वेळा नुसती गाठ काढता येते. चाळिशीनंतर अनियमित रक्तस्राव होत असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो. यातलं काहीही न करता, पहिल्याच भेटीत, सोनोग्राफीच्या एका कागदावरून थेट ऑपरेशनची तारीख दिली गेली, तर थांबा. त्या सल्ल्याला होकार देण्याइतकी माहिती अजून कुणाकडेच नाही, डॉक्टरांकडेही नाही.

थांबू नये अशा वेळाही सांगायला हव्यात, नाहीतर या लेखानं नुकसान व्हायचं. पाळी पूर्ण गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त जाऊ लागलं, दुर्गंधी असलेला रक्तमिश्रित स्राव होऊ लागला, तर आठवडेही घालवू नका. कॅन्सर सिद्ध झाला असेल, पिशवी पूर्ण बाहेर येत असेल, औषधांनी रक्तस्राव आटोक्यात येत नसेल, तेव्हा पिशवी काढणं हाच योग्य उपचार असू शकतो. आणि बाळंतपणात रक्ताचा पूर लागला, डॉक्टर म्हणाले जीव वाचवायला पिशवी काढावी लागेल, तर त्या क्षणी चर्चा करायची नसते. तिथं पूर्ण विश्वास टाकावा. वेळ जितका कमी तितका विश्वास जास्त लागतो. वेळ हाताशी असेल आणि निर्णय परत फिरवता येण्यासारखा नसेल, तेव्हा मात्र प्रश्न विचारणं हे तुमचं काम आहे. गोळी मानवली नाही तर बंद करता येते. काढलेला अवयव परत बसत नाही.

कोणते प्रश्न विचारायचे? सर्वोच्च न्यायालयानंच ते जवळजवळ लिहून दिले आहेत. दिल्लीतली एक ४४ वर्षांची अविवाहित स्त्री १९९५ मध्ये जास्त रक्तस्रावाची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेली. दुर्बिणीतून फक्त तपासणी करण्यासाठी तिला भूल देण्यात आली. ती बेशुद्ध असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भपिशवी, अंडाशय, नलिका सगळं काढलं. समीरा कोहली खटला म्हणून तो ओळखला जातो. जानेवारी २००८ मध्ये निकाल लागला. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं न्यायालयानं म्हटलं नाही, पण जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान स्त्रीऐवजी आईची संमती चालणार नाही, आणि तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला लागू होणार नाही, हे ठामपणे सांगितलं. डॉक्टरांना फी सोडावी लागली आणि २५ हजार रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम लहान आहे, पण निकाल फार मोठा आहे. संमती घेण्याआधी काय सांगायलाच हवं हे त्यात स्पष्ट आहे: काय करणार आणि कशासाठी, दुसरे पर्याय कोणते, धोके कोणते, आणि नाही केलं तर काय होईल.

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. "डॉक्टर, सहा महिने ऑपरेशन नाही केलं तर काय होईल?" असा सरळ विचारा. "गाठ थोडी वाढेल, जाणं चालू राहील, हिमोग्लोबिन बघत राहावं लागेल" असं काही ठोस उत्तर आलं तर तुम्हाला तोलायला काहीतरी मिळालं. "मग माझी जबाबदारी नाही" एवढंच उत्तर आलं, तर त्यातून आजाराबद्दल तुम्हाला काहीच कळलेलं नाही, हे लक्षात घ्या. पिशवीच्या ऑपरेशनबाबत आणखी एक प्रश्न विसरू नका: "अंडाशय ठेवणार की काढणार?" अंडाशय लवकरच्या वयात काढले की पाळी एका दिवसात कायमची जाते, अंगाची आग होते, झोप उडते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हृदयाचा धोकाही वाढतो. तिशी-पस्तिशीत ऑपरेशन झालेल्या बायका "तेव्हापासून कंबर गेली" म्हणतात, ते उगाच नसतं. अंडाशय ठेवायचे ठरलं असेल तर संमतिपत्रावर तसं लिहून घ्या. संमतिपत्र आपल्या भाषेत वाचून घ्या आणि कोऱ्या जागा ठेवलेल्या कागदावर सही करू नका. काढलेली पिशवी तपासणीला पाठवणार का, हेही विचारा आणि तो रिपोर्ट मागून घ्या. कॅन्सरच्या भीतीनं ऑपरेशन झालं असेल तर ती भीती खरी होती का, हे त्या कागदावरच कळतं.

हे सगळं विचारायला धीर लागतो, हे मला मान्य आहे. केबिनमध्ये गेलं की शब्द फुटत नाहीत. म्हणून प्रश्न घरी कागदावर लिहून न्या, आणि बरोबर असं माणूस न्या जे तुमच्याऐवजी बोलणार नाही पण उत्तरं नीट ऐकून घेईल. आपल्याकडे बरेचदा डॉक्टर नवऱ्याशी किंवा सासूशी बोलतात आणि जिचं पोट फाडायचं ती बाहेर बाकावर बसलेली असते. "तिला आत बोलवा, तिच्यासमोर सांगा" असं म्हणणारा नवरा हवा, दीर हवा, भाऊ हवा. बोलणं आदरानं असावं. "मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का?" या वाक्यानं कुठल्याही चांगल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही. शंभर पेशंटच्या ओपीडीत ते वैतागले, तर "सावकाश बोलायला कधी येऊ?" असं विचारावं. थकलेल्या डॉक्टरांनी चिडणं आणि प्रश्नच विचारू न देणं यातला फरक दुसऱ्या भेटीत कळतो.

सेकंड ओपिनियन घेणं म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं, असं आपल्याकडे फार लोकांना वाटतं. मोठं ऑपरेशन ठरलं असेल आणि घाई नसेल तर दुसरं मत घ्यावंच. ते अशा डॉक्टरांकडून घ्या ज्यांना तुमच्या ऑपरेशनमधून काही मिळणार नाही. त्यासाठी सरकारी रुग्णालय ही उत्तम जागा आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. याशिवाय बीडकरांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला घाटी आहे, पुण्याला ससून आहे. रांग लागेल, दिवस मोडेल, रोजगार बुडेल. आयुष्यभर शरीरावर राहणाऱ्या निर्णयासाठी तो एक दिवस द्यावा. पहिल्या डॉक्टरांनीच पाठवलेल्या ठिकाणी मात्र दुसरं मत घेऊ नये. आणि नव्या डॉक्टरांकडे गेल्यावर "अमुक डॉक्टर पिशवी काढायला सांगतायत" अशी सुरुवात करू नका. आधी त्रास सांगा, रिपोर्ट दाखवा, त्यांना स्वतःचं मत बनवू द्या, मग पहिला सल्ला सांगा. दोघांची मतं जुळली नाहीत तर घाबरून जाऊ नका. दोन चांगले डॉक्टर एकाच रुग्णाबद्दल वेगळा विचार करू शकतात, कारण वैद्यकात पुष्कळ ठिकाणी खात्री नसते, अंदाज असतो. दोघांनाही एकच विचारा, "तुम्ही असं का म्हणता?"

दुसरं मत घ्यायला कागद लागतात. म्हणून फाइल आपल्याच घरी असावी. दाखल झालेल्या रुग्णानं केसपेपर मागितले तर ७२ तासांत द्यावेत, आणि ते तीन वर्षं जपून ठेवावेत, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं, असं महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमसाठीच्या २०२१ च्या सुधारित नियमांत आहे. भिंतीवर सनद दिसली नाही तर "कुठं लावलीय?" एवढं विचारायला हरकत नाही. चिठ्ठीवर डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक असतो, तो वाचा. गावात ज्यांना आपण डॉक्टर म्हणतो त्या सगळ्यांचं शिक्षण सारखं नसतं आणि ऑपरेशनचा सल्ला त्या विषयात शिकलेल्या माणसाकडूनच यायला हवा.

एवढं सगळं वाचून कुणी रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच बंद केल्या किंवा टीबीचं औषध अर्ध्यावर सोडलं, तर माझं लिहिणं फुकट गेलं म्हणायचं. अशा आजारांत उपचार जगभर तपासून ठरलेले आहेत आणि तिथं डॉक्टरांचं ऐकण्यातच शहाणपण आहे. शंका असेल तर गोळी चालू ठेवून विचारायला जा. व्हॉट्सॲपवरचा काढा, गुण येण्याची हमी देणारा वैदू, "साइड इफेक्ट अजिबात नाहीत" अशी जाहिरात, यांना मात्र आपण एकही प्रश्न विचारत नाही. तिथं तर दुप्पट विचारावेत. डॉक्टरांना निर्णय घेता यावा म्हणून आपणही खरं सांगायला हवं: गोळ्या किती दिवस घेतल्या, मध्ये कुणाकडे गेलो, तंबाखू-मिश्री लावतो का, याआधी गर्भपात झालाय का. अर्धी माहिती लपवून पूर्ण बरोबर सल्ल्याची अपेक्षा करता येत नाही. आणि ऑपरेशन बिघडलं म्हणून दवाखान्याची काच फोडणाऱ्यांनी आपल्या गावातला एखादा चांगला डॉक्टर कायमचा घालवलेला असतो. तक्रार असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे, ग्राहक न्यायालय आहे.

चांगले डॉक्टर कसे ओळखायचे, असं मला कुणी विचारलं तर मी पाटीवरच्या पदव्या किंवा बाहेरची गर्दी बघायला सांगणार नाही. "मला अजून खात्री नाही, पंधरा दिवस हे औषध घ्या, मग बघू" असं जे म्हणतात, जे पोट हातानं तपासतात, जे दुसरं मत घ्यायला आनंदानं कागद देतात, "आत्ता काहीच करायची गरज नाही" असं म्हणून तुम्हाला घरी पाठवतात, त्यांना धरून ठेवा. असा डॉक्टर एकदा मिळाला की छोट्या तक्रारींसाठी पंचवीस ठिकाणी हिंडू नका. वर्षानुवर्षं तुम्हाला ओळखणाऱ्या डॉक्टरांचा निर्णय अनोळखी तज्ज्ञाच्या निर्णयापेक्षा कित्येकदा बरोबर ठरतो, कारण तुमचं आयुष्य त्यांना ठाऊक असतं. मग त्यांच्यावर विश्वास टाका आणि त्यांचं ऐका.

तुमच्या घरात कुणाच्या पिशवीच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली असेल आणि रक्तस्राव तातडीचा नसेल, तर ती तारीख दोन आठवडे पुढे ढकला. त्या दोन आठवड्यांत सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, पॅप स्मिअर झाली नसेल तर करून घ्या, आणि जिचं ऑपरेशन आहे तिला स्वतःला विचारू द्या.